तीन लिटरचा कौल

डिझेलवर माझा राग नाही. आमचं सगळं घर डिझेलवर वाढलं. बाबांचे दोन ट्रक शिरगावच्या खाणीवरून धक्क्यापर्यंत खनिज वाहायचे, आणि त्या दिवसांत मयेतल्या आमच्या घरासमोरून सकाळी ट्रकांची जी रांग लागायची ती अंधार पडेपर्यंत तुटायची नाही. जेवणात धूळ, अंथरुणात धूळ, देवाच्या फुलांवर धूळ. पण आई स्वयंपाकघरात बसल्या जागी त्या रांगेतला बाबांचा ट्रक ओळखायची. वळणावर गिअर बदलताना तो जरासा खाकरायचा. "आयले," म्हणायची आणि ताट घ्यायला उठायची. ती कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

राग आहे तो दादावर, माझ्या थोरल्या भावावर. तो वर्षभर डिझेलवर इतकं बोलला की बाबा असते तर ट्रक विकून बैलगाडी घेतली असती.

खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात गंजले, मग भंगारवाल्याने नेले. बाबा त्याच्या आधीच गेले होते, सुटले. दादा तेव्हापासून 'धंद्याचं बघतोय.' कुठल्या धंद्याचं ते विचारायचं नाही. मग पेडण्याच्या बाजूला विमानतळ आला. आईचं माहेर तिथलं, धारगळच्या वरच्या अंगाला. घरामागे काजूचा डोंगर आणि त्यात आईचा वाटा. आमच्या गोव्यात मुलीलाही वाटा असतो आणि तिच्या सहीशिवाय जमिनीचा दगड हलत नाही, याचा मला एरवी अभिमान आहे. आईने सही केली. दादाने जिथे बोट ठेवलं तिथे केली. दिल्लीच्या कुणीतरी डोंगराला पत्र्याचं कुंपण घातलं, आणि इकडे दादाला शिंगं फुटली.

आधी बूट आले, मग मनगटावर तबकडीएवढं घड्याळ आलं, आणि मग एसयूव्हीचा विषय निघाला. साधी नाही, लक्झरी. हा शब्द तो डोळे किंचित मिटून उच्चारायचा. घरात एक बरी गाडी होती. जुनी, पांढरी, कुरकुरणारी, पण पाऊस आत न घेणारी. ती त्याने शोरूमवाल्यांना आधीच देऊन टाकली, बदल्यात भाव बरा येतो म्हणून. म्हणजे नवी कुठली घ्यायची ते ठरायच्या आत जुनी गेली. त्यानंतर वहिनी मासळी आणायला डिचोलीला रिक्षाने जायची आणि रिक्षावाल्याने विचारलं नसलं तरी त्याला सांगायची, "आमची नवी येता हां."

गाडी ठरली, रंग ठरला, अडलं ते इंजिनावर. त्या गाडीत डिझेलची दोन इंजिनं मिळत होती. एक दोन लिटरचं, चार सिलिंडरचं. दुसरं तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच. मागच्या दारावरचा एक आकडा सोडला तर देवालाही फरक कळला नसता. देवाचं नाव मी उगाच घेत नाही. तोही यात ओढला गेला, ते पुढे येईलच.

मी साखळीत राहते, शाळेत शिकवते आणि स्कूटर चालवते. आठवड्यातून दोनदा आईकडे जायचे. प्रत्येक वेळी दादा सोप्यावर आरामखुर्चीत पडलेला असायचा आणि त्याच्या फोनवर कुणी दाढीवाला माणूस तीच गाडी वाळवंटात पळवत असायचा. वाळू उडायची, दादाचे डोळे पाणावायचे.

"चार सिलिंडर म्हणजे किदें गो," तो मला म्हणाला, "टॅक्सीक आसता तें."

"आनी सहा कित्याक जाय?"

"चढणीक. टॉर्क लागता."

"खंयचे चढणीक?"

त्याने फोनमधलं वाळवंट पुन्हा सुरू केलं. आमच्या वाटेवर चढण आहे ती एकच, देवळाकडची, आणि ती म्हशीसुद्धा रवंथ न थांबवता चढतात.

टॉर्क हा शब्द त्याला कुठून मिळाला कोण जाणे, पण मिळाल्यापासून त्याने तो घरभर सांडून ठेवला. पावण्यांना टॉर्क, पोदेराला टॉर्क. सकाळी पाव घेऊन येणारा आमचा पोदेर सायकलवर एक पाय टेकून बिचारा ऐकत उभा राहायचा, पुढच्या घरांचे पाव गार होईपर्यंत. दोन लिटरचं घ्यावं तर डिचोलीतल्या एका हॉटेलवाल्याकडे तेच आहे, मग आपलं वेगळं काय? तीन लिटरचं घ्यावं तर डिझेल किती पिणार? मग आठवड्याने उलट. दोन लिटर शहाणपणाचं, पण लोक म्हणतील जमलं नाही म्हणून धाकटं घेतलं. आत काय आहे हे कुणालाही दिसणार नव्हतं आणि तरी सगळा घोर लोकांना काय दिसेल याचाच. मी एकदा म्हटलं, आकडा रंगवून घे आणि मोकळा हो. दोन खेपा बोलला नाही माझ्याशी. घरात तेवढीच शांतता.

याच दिवसांत आईचं बिघडलं. चहा कपाच्या बाहेर ओतू लागली. पायरी नाही तिथे पाऊल उचलायची, आहे तिथे अडखळायची. वहिनीचं म्हणणं, वय झालं. मी तिला टॅक्सीने पणजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. डावा डोळा गेल्यात जमा होता, उजवा कडेकडेने मिटत चालला होता. डॉक्टर म्हणाले, थेंब घाला, वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यांना काही बघायचं असेल तर दाखवून आणा.

आई टॅक्सीत, मांडवीच्या पुलावर म्हणाली, "माका एक फावट ताईचें तोंड पळोवचें आसा."

जिचं तोंड तिला एकदा बघायचं होतं ती ताई म्हणजे माझी मावशी, आईची थोरली बहीण. विधवा झाल्यापासून माहेरच्याच घरी राहते. मांडीचं हाड मोडल्यापासून उंबऱ्याबाहेर पडत नाही. दोघी फोनवर रोज भांडतात, पण फोनवर तोंड दिसत नाही, आणि दाखवणारा फोन मावशीला चालवता येत नाही. मये ते मावशीचं घर हा तासाभराचा रस्ता. अस्नोडा, कोलवाळचा पूल, धारगळ, आलं. जगाच्या दुसऱ्या टोकाला जायचं नव्हतं.

त्याच दिवशी परतताना दादाने आम्हाला शोरूममध्ये बोलावलं होतं. गाडीला आईचा पाय लागू दे म्हणे. मी आईला घेऊन गेले, म्हटलं तिथेच त्याला सांगावं. त्या काचेच्या घरात अंगाला अत्तर लावलेला एक विक्रेता होता. त्याने आम्हाला दोन घोट कॉफी दिली आणि इंजिनावर भाषण दिलं. या नव्या डिझेलना धुराची जाळी असते म्हणे. गाडी नुसती बाजारापुरती फिरवली तर जाळीत काजळी तुंबते, म्हणून अधूनमधून तिला लांबवर पळवून आणावी लागते. म्हणजे इतके पैसे मोजून घेतलेल्या गाडीचा घसा साफ करायला तिला फिरायला न्यायचं. दादा मान डोलावत म्हणाला, "दर आयतवारा व्हरतलों."

मग त्या विक्रेत्याने आणि दादाने आईला दोन्ही बगलांत धरून तीन लिटरच्या गाडीत चढवलं. पायरी इतकी उंच की तिचं पाऊल पोचेना. मी शेजारी बसले. दारं लागली. मासळीच्या डब्याचं झाकण लावावं तसा बाहेरचा आवाज तुटला.

"आजी, काय ऐकू येतं?" पुढच्या सीटवरून विक्रेत्याने विचारलं.

"कांयच ना."

"बरोबर!" त्याने मांडीवर थाप मारली. "इंजिन चालू आहे, आजी. सहा सिलिंडर. हीच तर मजा आहे. आत बसलेल्याला समजतच नाही."

आईने दाराला तळहात लावला, जरा वेळ ठेवला. खाली उतरल्यावर माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "फटी मारता तो. बंदच आसा ती."

शोरूमच्या कोपऱ्यात दोन लिटरची एक गाडी उभी होती, चॉकलेटी रंगाची, सगळी तयार. विक्रेता म्हणाला, ही हवी तर पुढच्या आठवड्यात तुमच्या दारात. तीन लिटरची मात्र मागवावी लागेल. परदेशातून सुटे भाग येणार, जुळणी होणार, रांग मोठी. काही महिने धराच.

मी दादाला बाजूला घेतलं. डॉक्टर काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं. म्हटलं, ही चॉकलेटी घे आणि आईला म्हायरा व्हर. गोष्ट संपली. त्याने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, त्या गाडीच्या मागच्या आकड्याकडे बघितलं. त्याचं तोंड उतरलं. मला क्षणभर वाटलं, आईसाठी उतरलं.

"देवाक विचारुया," तो म्हणाला.

आमच्याकडे अडलेल्या गोष्टींसाठी देवाला कौल लावतात. पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या अंगावर चिकटवायच्या. एका बाजूच्या एका गोष्टीसाठी, दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या. जी आधी पडेल तो देवाचा शब्द. मुलीच्या लग्नाचं विचारतात, घराच्या पायाचं विचारतात, दुखणाईताला कुठल्या डॉक्टरकडे न्यावं तेही विचारतात. त्यात मला हसण्यासारखं काही वाटत नाही. माणूस अडला की कुणाला तरी विचारतो. पण इंजिनाच्या सिलिंडरांचा कौल लागलेला मी तरी ऐकला नव्हता.

सोमवारी आम्ही सगळे ग्रामदेवतेच्या देवळात उभे. गुरवाने पाकळ्या लावल्या. उजवीकडे तीन लिटर, डावीकडे दोन लिटर. मग त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. आमचा गुरव गाऱ्हाण्याला उभा राहिला की त्याला आवरणं कठीण. कौल राहतो बाजूला आणि ह्याचं वर्णन रंगतं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुज्या लेकरान दोन इंजिनां तुज्या पायांकडे हाडल्यांत. खंयचें घेवचें, खंयचें सोडचें, तें तू दाखय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

"आनी जी गाडी घरा येतली तिच्यांत पयली तुजी ही म्हातारी बसतली, आनी पयली वाट म्हायरची धरतली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तोमेरेन दुसऱ्या खंयच्याच गाडयेंतल्यान ती म्हायरा वचची ना, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तोवर दुसऱ्या कुठल्याच गाडीतून ती माहेरी जाणार नाही, हे शेवटचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नुसता ताल जमला म्हणून जोडलं त्याने. बाकीच्यांनी ते तोंडातल्या तोंडात म्हटलं; आईचा आवाज मात्र सगळ्यांच्या वर होता, हात जोडलेले, डोळे मिटलेले. मी पुढे सरकले, पण तोवर बोलून झालं होतं.

आणि डावी पाकळी पडली. इतकी झटकन की गुरवही दचकला. दोन लिटर. देवाने स्वच्छ सांगितलं की तो चॉकलेटी डबा घे आणि म्हातारीला घेऊन जा. मला त्या दिवशी देवाबद्दल फार आदर वाटला.

दादा पायऱ्या उतरला. चपला घालताना म्हणाला, "देवाक टॉर्काचें सांगूंकच ना आमी."

पुढच्या रविवारी मी टॅक्सी घेऊन मयेला गेले. त्याला दोन लिटर पटो न पटो, मी आईला नेणार होते. आई घरातल्याच लुगड्यात सोप्यावर आली. "परत धाड ताका," म्हणाली.

"कित्याक?"

"देवाफुडें उलयल्लें आसा."

"तें गुरव उलयलो गो!"

"आनी व्हय म्हाराजा कोणें म्हणलें? हांवेंय म्हणलें."

मी तिला परोपरीने सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. पणजीला दवाखान्यात टॅक्सीने यायला तिची हरकत नव्हती. माहेरची वाट तेवढी देवाकडे गहाण पडली होती. दादा मागे आरामखुर्चीत. "आई अशीच आसा," तो कौतुकाने म्हणाला, "भोव देवभोळी." मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. टॅक्सीवाला गाडी पुसत उभा होता, पुसून झालेली काच पुन्हा पुसत. खरं सांगायचं तर राग मला आईचाही आला. हिला बोललेल्या शब्दाची एवढी चाड, आणि तो शब्द सांभाळायची जबाबदारी हिने टाकली कुणावर, तर ह्याच्यावर.

मी गुरवाकडे गेले. विचारलं, हे बांधलेलं सोडवता येतं का? येतं म्हणाला, का नाही. पुन्हा पाकळ्या लावायच्या, देवाची मोकळीक मागायची. मात्र ज्याचा कौल होता त्यानेच यायला हवं. म्हणजे दादाने.

दादा म्हणाला, "देवाक कितले फावट त्रास दिवचो गो?"

हे म्हणाला तो कधी? दुसऱ्या कौलाच्या आदल्या संध्याकाळी. कारण सोमवारी तो पुन्हा देवळात हजर होता, इंजिनाचा कौल टॉर्कासकट पुन्हा विचारायला; मोकळिकीचं नाव नाही. यावेळी शोरूमची गुळगुळीत पत्रकं देवाच्या पायाशी ठेवली होती. पाकळ्या दोन्ही तशाच चिकटून राहिल्या. समईतलं तेल संपत आलं, आमचे पाय भरून आले, देव हलेना. गुरव म्हणाला, देव रुसलो. मीही रुसले असते.

तिसऱ्या सोमवारी उकाडा होता, म्हणून गाभाऱ्याच्या दारात एक उभा पंखा आणून ठेवला होता. कुणी आणला हे मी सांगत नाही. पंख्याचं तोंड कुठल्या पाकळीकडे होतं ते मात्र मी डोळ्यांनी बघितलं. उजवी पाकळी पडली नाही, उडाली. दादाने साष्टांग नमस्कार घातला. उठला तेव्हा त्याच्या नव्या शर्टावर जमिनीची ओल आणि चेहऱ्यावर असं समाधान, जणू देवानेच त्याला विनंती केली होती.

तोवर ती चॉकलेटी गाडी म्हापशाच्या कुणीतरी नेली होती.

मग वाट बघणं. दादाला शोरूममधून संदेश यायचे. इंजिन निघालं, इंजिन जहाजावर चढलं, इंजिन बंदराला लागलं. तो ते मोठ्याने वाचून दाखवायचा. घरात कुणी परदेशात शिकायला गेलेलं असावं तसं. आणि इकडे माझी आई सोप्यावर बसून हळूहळू आंधळी होत होती. आधी सुई गेली. मग तांदळातले खडे गेले. मग मी दारात उभी राहिले की ती माझ्या हनुवटीला धरून माझं तोंड उजेडाकडे वळवायची, थोडं इकडे, थोडं तिकडे, जिथून दिसेल तिथून बघायची. "वायच बारीक जाल्लें दिसता," म्हणायची. मी बारीक झाले नव्हते. तिच्याकडे उरलेली फटच तेवढी होती.

"येता मगे गाडी?" दर खेपेला विचारायची.

"येता आई," दादा आतून म्हणायचा. "सहा सिलिंडर आसा. वगत लागता."

मला त्याला हलवून सांगावंसं वाटायचं की अरे, ती गाडीची वाट बघत नाही रे. ती बहिणीच्या तोंडाची वाट बघतेय. सांगितलंही. तो म्हणाला, म्हणूनच तर तिच्यासाठी एवढी आरामाची गाडी घेतोय. आणि हे त्याला खरंच वाटत होतं. यावर माणूस काय बोलणार? लबाडाला निदान दरडावता येतं. स्वतःच्या मोठेपणावर विश्वास बसलेल्या माणसापुढे मी हात टेकले.

काजूचा हंगाम सरत आला तेव्हा गाडी आली. काळी, चकचकीत. आमच्या बोळात वळेना, म्हणून वळणावरचा गडगा तोडून दगड बाजूला रचले. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर नारळ, झेंडूची माळ. गुरव येऊन गाऱ्हाणं घालून गेला. या खेपेला थोडक्यात आटोपलं, त्याला दुसरीकडे जायचं होतं. वहिनीने आईला हाताला धरून आणलं आणि कुंकवाची करंडी पुढे धरली. आईने बोट बुडवलं, पुढे केलं. बोट हवेत थांबलं. वहिनीने तिचं मनगट धरून ते पत्र्याला टेकवलं.

"खंयचो रंग?" आईने विचारलं.

"काळो," दादा म्हणाला.

"बरो."

आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मांडीवर काकणांची पिशवी. पोदेराकडची ती बांगडीसारखी कडक काकणं मावशीला चहात बुडवून खायला आवडतात. तिला मधल्या रांगेत बसवलं, मी शेजारी, पुढे वहिनी, दादा चालवायला. दारं लागली. गोठवणारी हवा सुटली. दादाने आरशात स्वतःला बघून घेतलं आणि आम्ही निघालो.

अस्नोडा गेला. एकेकाळी याच रस्त्याने आई आम्हाला बसने माहेरी न्यायची. खिडकीत बसायचा हट्ट तिचाच असायचा. जनेल उघडं टाकून, केस उडवत, प्रत्येक वळण आम्हाला सांगायची. आता ऊन उतरण्याची वाट बघत रस्त्याकडेला काजूची बोंडं पिळणारी माणसं बसली होती, तो आंबूस घमघमाट काचेबाहेर राहिला. कोलवाळच्या पुलावर चाकं खालच्या सांध्यांवरून नेहमी धडधड वाजायची. तीही वाजली नाहीत. दादा पुढून म्हणाला, "पळे, एक हादरो बसलो? हाका म्हणटात सहा सिलिंडर." पलीकडे पेडणे तालुका सुरू झाला. डोंगरांना लाल घळी पडलेल्या, क्रेन उभ्या. आईच्या वाट्याच्या डोंगरावरून पत्र्याचं कुंपण सरळ वर गेलेलं मी बघितलं. तिने बघितलं नाही याचं मला एकदाच बरं वाटलं.

आई ताठ बसली होती, हात पिशवीवर, तोंड समोर. तासभर ती एक शब्द बोलली नव्हती. मला वाटलं, देवाचं नाव घेत असेल.

धारगळ मागे पडलं. मावशीच्या घराचं वळण आलं. तेव्हा आई जराशी पुढे वाकली आणि अगदी हलक्या आवाजात, कुणाचा खोळंबा होऊ नये अशा बेताने म्हणाली,

"पुता, केन्ना सुटतलीं रे आमी?"

वहिनीने मागे वळून बघितलं. मी आईचा हात धरला. तो बर्फासारखा गार पडला होता. गाडी सुटलेलीच तिला कळली नव्हती; बिचारी तासभर आमच्या अंगणातच बसली होती. तिच्या लेखी अजून कुणीतरी यायचं होतं, काहीतरी भरायचं होतं, आणि ती न कंटाळता थांबली होती, जशी गेलं वर्षभर थांबली.

"आई," मी म्हटलं, "पावलीं गो आमी."

"खंय?"

तेवढ्यात गाडी थांबली होती. मावशी उंबऱ्यात खुर्ची टाकून बसली होती, सकाळपासून. मी आईला खाली उतरवलं, पायरीवर नेलं. मावशीने दोन्ही हात पुढे केले आणि आईला ओढून घेतलं. "इतलीं वर्सां लायलीं गो रांडे," ती रडत म्हणाली. "पळे, पळे माका."

"पळयतां मगे," आई म्हणाली. ती मावशीच्या खांद्यावरून दाराच्या चौकटीकडे बघत होती. मग तिने बोटांनी मावशीचं तोंड शोधलं. कपाळ, गाल, दात नसलेली हनुवटी. मावशीला समजलं. तिने डोळे पुसले आणि आईचा हात स्वतःच्या गालावर तसाच दाबून धरला.

मला तिथे उभं राहवेना. मी अंगणात आले. गाडीभोवती वाड्यावरची माणसं जमली होती, आणि मधोमध दादा, एक हात बॉनेटवर.

"आयका," तो त्यांना सांगत होता, "आई फाटल्यान बसून येता मयेसावन हांगा मेरेन, आनी विचारता किदें? केन्ना सुटतलीं म्हूण! म्हणजे गाडी कितली शांत आसा पळयात!"

सगळे हसले. कुणीतरी बॉनेटला कान लावला.

ही गोष्ट तो अजून सांगतो. लग्नात, बारशात, शोरूमवाल्यांना सर्व्हिसिंगला गेला की. त्या विक्रेत्याने ती पाठ केलीय आणि पुढच्या गिऱ्हाइकांना तो ती ऐकवतो म्हणे. दादाला तीन लिटर घेतल्याची याहून मोठी पावती मिळालेली नाही. सोप्यावर पावणे बसले की तो ती काढतो, आणि शेवट आला की आईकडे वळून विचारतो, "व्हय मगे आई?"

आणि आई, आवाज येतो त्या दिशेला तोंड करून, म्हणते, "व्हय."